पावण्यातल्या शेडचा नकाशा

त्या संग्रहालयात मी गेले ती भांडायलाच. आदल्या रात्री जेवताना मुलीने मोबाइल पुढे केला, म्हणाली, "आई, ही तुझी कंपनी ना?" फोटोत आमची जुनी शेड होती, रंगवून नटवलेली, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत एक नकाशा लावलेला. खालच्या पाटीवर आमच्या साहेबांचं नाव. नकाशा मी काढलेला होता. मोजण्यापासून शाई करण्यापर्यंत सगळा मी. त्या नकाशावर माझं नाव लागलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं, आणि ते घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते. सकाळी डबा करून मुलीला ऑफिसला पाठवलं आणि कोपरखैरण्याच्या नाक्यावरून रिक्षा पकडून पावण्याला गेले.

शेडबद्दल आधी सांगते, कारण दारातल्या पाटीवर निम्मं खोटं लिहिलं आहे. 'ऐतिहासिक ट्राम डेपो' म्हणे. पावण्यात ट्राम कधी धावली नाही. मुंबईत ट्राम होत्या तेव्हा खाडीच्या या बाजूला भातशेती होती आणि मिठागरं होती. पुढे ट्राम बंद झाल्या, तिकडची एक शेड भंगारात निघाली आणि आमच्या मालकांनी ती खांब आणि छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांसकट उचलली. ट्रकांवर घालून इकडे आणली, बोल्ट मारून परत उभी केली आणि तिच्यात बसच्या बॉड्या बांधायला घेतल्या. मी लागले तेव्हा तिच्यात ट्रामचा एक खिळाही उरलेला नव्हता. आता कंपनी बंद पडली, जागा एका बिल्डरने घेतली, मागे काचेचे टॉवर उठले आणि पुढची शेड 'वारसा' झाली. जमिनीवर ट्रामचे नकली रूळ चिकटवले आहेत. त्यावर उभं राहून लोक फोटो काढून घेणार.

तरी शेड देखणी आहे, ते मला नाकारता येत नाही. बिडाचे अठ्ठेचाळीस खांब, बारा-बाराच्या चार रांगांत. दोन रांगांमध्ये बरोबर दोन ट्राम शेजारी उभ्या राहतील आणि मधून एक माणूस हातात कंदील घेऊन जाईल एवढं अंतर. खांब खाली जाड, वर निमुळता, आणि डोक्याशी सगळीकडून उमललेली पानं. यंत्र दुरुस्तीच्या शेडमध्ये पानं कोणाला दिसणार होती? पण ओतणाऱ्याने प्रत्येक पानाची मधली शीरसुद्धा ओतली आहे. वर छप्पर करवतीच्या दातांचं. एक बाजू उतरती, पत्र्याची, आणि एक उभी, काचेची. काचेचं तोंड उत्तरेला ठेवायचं असतं, म्हणजे दिवसभर सारखा उजेड येतो आणि ऊन आत येत नाही. मुंबईत ते तसंच असणार. इथे प्लॉट आडवा निघाला, म्हणून मालकांनी शेड फिरवली आणि काचा पश्चिमेला आल्या. दुपारी तीननंतर आत नुसती भट्टी. वेल्डर लोकांनी वैतागून काचांना निळा रंग फासला होता. पाटीवर मात्र लिहिलं आहे की उत्तरेच्या प्रकाशाचा कसा विचार केला होता बघा. सूर्य कुठे मावळतो एवढं तरी लिहिणाऱ्याने बघायचं होतं.

मी त्या कंपनीत ट्रेसर होते. पेन्सिलने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद टाकून शाईने गिरवायचं, मग त्याच्या प्रिंट निघत. आमची केबिन शेडमध्येच, लाकडी माळ्यावर. तिथे मुख्य ड्राफ्ट्समन म्हणजे आमचे साहेब. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेन. कधी आवाज चढवला नाही की कधी अपशब्द काढला नाही. कागद परत पाठवायचे. कुठे एक माप राहिलं, एक रेघ कोपऱ्यात जुळली नाही, की लाल पेन्सिलने गोल करून अख्खा कागद परत. का, ते सांगायचं नाही. "तुम्ही बघा ना," एवढंच म्हणायचे. त्या 'बघा ना'चा मला आजही संताप येतो.

एकदा शेडच्या खांबांवरून माल उचलायचा पाळणा टांगायचा ठरला. त्यासाठी शेडचा नकाशा हवा होता आणि लोखंडाबरोबर नकाशा आलाच नव्हता. साहेबांना मापं घ्यायला सांगितलं. साहेब शिडीकडे बघून म्हणाले, गुडघा दुखतो. मग मी चढले. अकरा दिवस, जेवणाच्या सुट्टीत, साडी खोचून, अठरा फूट वर. टेपचं दुसरं टोक धरायला पावणे गावातला एक फिटर होता. खालून कोणी दात काढले की तो तिथूनच आईबहिणीवरून सुरू व्हायचा, मग शेड गप्प. कैच्यांचे रिवेट मोजले, छपरावरच्या पाणी वाहून नेणाऱ्या गटारींची लांबी घेतली, एका खांबाच्या पानांवर कागद धरून ठसा उतरवला. मग महिनाभर बसून नकाशा काढला. साहेबांनी तो तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा ठेवून घेतला. कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढणारा' या शब्दापुढे मी माझ्या नावा-आडनावाची पहिली दोन अक्षरं घातली होती. प्रिंट निघाली तेव्हा तिथे साहेबांची अक्षरं होती. विचारलं तर म्हणाले, "ट्रेसरचं नाव घालायची पद्धत नाही." मी परत बोर्डावर जाऊन बसले. नोकरी नवी होती आणि घरी पगाराची गरज होती.

तर त्या सकाळी संग्रहालयाच्या दाराशी वॉचमनने अडवलं. उद्घाटन आठ दिवसांनी आहे म्हणाला. मी म्हटलं, उद्घाटनाला आले नाही, तक्रार घेऊन आले आहे. आतून एक मुलगी आली, तिशीतली, केस कापलेले, गळ्यात ओळखपत्र. ती तिथली आर्किटेक्ट आणि सध्याची इन्चार्ज.

"काकू, बोला ना. काय प्रॉब्लेम आहे?"

मी तिची काकू नव्हते. तिला सरळ नकाशाकडे नेलं. मूळ ट्रेसिंगच होतं ते, प्रिंट नव्हे. मागे दिवा लावला होता, त्यामुळे कागद उजळून निघालेला. मूळ कागद साहेबांच्या हातात दिल्यानंतर मी पहिल्यांदाच बघत होते. कोपऱ्यातल्या चौकटीत साहेबांची दोन अक्षरं होती आणि त्यांच्या मागे कागद बाकीच्यापेक्षा पातळ, जास्त उजळ. ब्लेडने खरवडलेला.

"हे बघ," मी म्हटलं. "शाई चुकली की आम्ही अर्ध्या ब्लेडने खरवडायचो. मग ती जागा नखाने घोटायची, गुळगुळीत करायची, तेव्हा कुठे तिथे परत शाई धरते. नाही घोटलं तर फुटते. ही बघ, फुटली आहे. नुसता कागद परत पाठवणाऱ्याला घोटायचं माहीत नसतं."

तिने डोळे बारीक करून पाहिलं. तिला ते दिसलं, हे मला कळलं. पण म्हणाली, "मॅडम, मला पटतंय. पण सरांचा सत्कार ठरलाय उद्घाटनाला. इन्व्हिटेशन गेलीत. प्रूफ असं काही आहे का? म्हणजे लेखी?"

"लेखी तेच होतं. ते खरवडलं."

तिने माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब कळंबोलीला मुलाकडे असतात, मुलाचा लोखंड बाजारात गाळा आहे. आवाज थकलेला, पण शब्द तेच तोललेले. "त्या बाई होत्या ना, आठवतात. चांगल्या ट्रेसर होत्या. पेन्सिल माझी, शाई त्यांची. तेवढंच."

पेन्सिल माझी! जो माणूस शिडीची पहिली पायरी चढला नाही, त्याची पेन्सिल! मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या इन्चार्ज मुलीने घाईघाईने फोन कापला आणि मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले नाही.

तिथून चालतच गावात गेले, फिटरच्या घरी. घर कसलं, चार मजले बांधले आहेत, खाली तीन दुकानं, वर भाडेकरू. तो ओट्यावर गंजीफ्रॉकात बसला होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "तो मानूस पयल्यापासून तसाच हाय, बाय. मी येतो ना. टेप मी धरलेला, मी सांगीन." साक्षीला माणूस मिळाला म्हणून मी निवांत झाले. सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करायचं आणि साहेबांचा शालीतला चेहरा बघायचा, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. त्या आठवड्यात मला झोप छान लागली.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी त्या मुलीचाच फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, लगेच येऊ शकता का? शेडमध्ये पाणी भरलंय." मे महिना होता, बाहेर उन्हाने डोळे दिपत होते. मी म्हटलं, पाणी कुठून येणार? तर पाहुण्यांसाठी छपराच्या काचा धुवायला टँकर बोलावला होता. पाइप लावून वरून धुतल्या आणि सगळं पाणी आत उतरलं.

फिटरला बरोबर घेऊन गेले. जुन्या बसच्या सीटा भिजलेल्या, गालिचे गुंडाळून बाहेर टाकलेले, आणि छपराच्या दोन दातांमधल्या गटारींतून अजून थेंब गळत होते. ठेकेदाराचा इंजिनीयर हातात नकाशाची प्रिंट घेऊन उभा होता, माझ्या नकाशाची. साहेबही होते. सत्काराची तालीम होती म्हणून मुलाने गाडीतून आणून सोडलं होतं. इतक्या वर्षांनी बघितलं. पाठीत वाकले आहेत, शर्ट तोच पूर्ण बाह्यांचा. मला पाहून मान हलवली. मी हलवली नाही.

इंजिनीयर तावातावाने सांगत होता. "आम्ही ड्रॉइंगप्रमाणे काम केलं. ड्रॉइंगमध्ये खांब सॉलिड दाखवलेत. गटारीत प्रत्येक खांबाच्या डोक्यावर भोक होतं, पाला आणि माती भरलेलं. आम्हाला वाटलं गंजून पडलंय. प्लेट मारून बंद केली सगळी. आमचा काय दोष?"

फिटर माझ्याकडे वळला. "पन खांब तर पोकल हाय, बाय. पत्र्याचं पानी खांबातनंच खाली जायाचं, मोरीत. तुला बोल्लेलो ना मी शिडीवर."

बोलला होता. नुसता बोलला नव्हता, त्याने पान्याने खांब वाजवून दाखवला होता. शेडमधल्या सगळ्यांनाच माहीत होतं ते. पावसात खांबाला कान लावला की आतून पाणी उतरताना ऐकू यायचं, आणि लोक पिण्याच्या बाटल्या खांबाला टेकवून गार करायचे. मीही करायचे. आणि तरी नकाशात अठ्ठेचाळीस खांब मी भरीव दाखवले होते, आत तिरक्या रेघा मारून, एकसारख्या अंतराच्या. फार सुंदर रेघा आहेत त्या.

का दाखवले, ते मला त्या क्षणी लख्ख आठवलं. खांब पोकळ दाखवायचा तर आतली जाडी लिहावी लागते. जाडी मोजायची तर भोक पाडावं लागलं असतं, त्याला परवानगी लागली असती, ती मिळायला महिना गेला असता. जाडीचं माप न लिहिता दिला असता तर साहेबांनी लाल गोल करून परत पाठवला असता. असे कागद सारखेच परत यायचे. या नकाशात त्या माणसाच्या हातात कारण द्यायचं नाही, अशी मी पहिल्यापासूनच जिद्द धरली होती. म्हणून भरून टाकले.

इकडे सगळे हळूहळू साहेबांकडे बघायला लागले, कारण पाटीवर नाव त्यांचं होतं. इंजिनीयर म्हणाला, "सर, ड्रॉइंग तुमचं आहे ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही. तो नकाशा माझा नाही. या बाईंनी काढला आहे. मापंसुद्धा यांनीच घेतली. मी शिडीवर चढलोच नव्हतो. मी फक्त सही केली."

फिटर ओरडलाच. "आनि सहा दिवस आधी फोनवर काय बोल्ला, साहेब? पेन्सिल कोनाची?"

साहेब पुन्हा चष्मा पुसायला लागले. मला काय झालं ते खरं सांगते. मला आनंद झाला. तिथे पाण्यात उभी होते, चप्पल भिजली होती, माझ्याच चुकीने त्या मुलीचं सहा महिन्यांचं काम वाहून चाललं होतं, आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. एवढी वर्षं जे या माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं ते चार लोकांसमोर निघालं होतं.

"लिहून द्या," मी म्हटलं.

त्यांनी लगेच दिलं. इतकं लगेच, की मला हसू आलं. मुलीने कागद दिला आणि त्यांनी खिशातल्या पेनाने, जुन्या रेखीव अक्षरात लिहिलं, की सदर नकाशा मापांपासून शाईपर्यंत सर्वस्वी या बाईंनी काढला आहे, माझा त्यात कोणताही हात नाही. मी वाचला, सही नीट करायला सांगितली. त्यांनी नीट केली.

फिटर माझ्या कानाशी आला. "आता तू बोल का भरीव दाखवायला साहेबानीच सांगलं. मी व्हय बोलतो. संपवून टाक त्याला."

संपवता आलं असतं. साक्षीदार माझा, कागद माझ्या हातात, आणि त्या माणसावर कोणी विश्वास ठेवला नसता. खोटं सांगायला माझी जीभ तयार होती, हे मी कबूल करते. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला पुढे काय करायचं एवढंच समजून घ्यायचं होतं.

"खांब पोकळ आहेत हे मला माहीत होतं," मी म्हटलं. "यांनी काही सांगितलं नव्हतं. परत पाठवतील म्हणून मीच भरून टाकले. प्लेटा कापून काढा, भोकं साफ करा, आणि खालची मोरी शोधा, ती पूर्वेच्या भिंतीला आहे."

इंजिनीयर माणसं घेऊन वर गेला. मुलीने विचारलं, पाटीवर आता तुमचं नाव घालायचं ना, आणि थोडं अडखळत, की खांबांच्या चुकीबद्दल काही लिहायचं नाही, नाही का. मी म्हटलं, दोन्ही लिही. नाव माझं, आणि खाली लिही की खांबांच्या बाबतीत नकाशा चुकला आहे. नुसतं नाव घेऊन मी त्यांच्यासारखी वागणार नव्हते.

साहेब पिशवी घेऊन दाराकडे निघाले होते. मुलाची गाडी बाहेर आली होती. माझ्याजवळून जाताना थांबले. पहिल्यांदाच त्यांनी मला कारण सांगितलं.

"तीन वेळा खांबांसाठीच पाठवला होता परत," ते म्हणाले. "रेघा मारलेल्या दिसत होत्या, पण आतलं माप कुठे होतं? वाटलं, तुम्ही बघाल. चौथ्यांदाही पाठवायला हवा होता. तेव्हा मी कंटाळलो."

लाल गोल कुठे असायचे ते मला आठवत होतं. तिन्ही वेळा एका खांबाभोवती होते, आणि तिन्ही वेळा मी त्या खांबाची पानं पुन्हा काढून, आणखी सुबक करून, कागद वर पाठवला होता.